हायसिंथबाई सहलीला निघतात

काही माणसं सहलीला निघताना बॅगेत कपडे भरतात आणि गाडीत प्रेक्षक. या जातीचा अस्सल नमुना बघायचा असेल तर बीबीसीच्या 'कीपिंग अप अपिअरन्सेस' या विनोदी मालिकेतल्या हायसिंथ बकेट या बाईंची गाठ घ्यावी. रॉय क्लार्क यांनी लिहिलेली ही मालिका १९९० ते १९९५ या काळात दाखवली गेली; ख्रिसमसचे खास भाग धरून तिचे एकूण ४४ भाग झाले. बाईंचं आडनाव बकेट, म्हणजे चक्क बादली. पण त्याचा उच्चार 'बुके' असाच करायचा, अशी त्यांची पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना सक्त ताकीद. नवरा रिचर्ड नगरपालिकेच्या हिशेबखात्यात, घर उपनगरातलं, चारचौघांसारखं. एवढ्या भांडवलावर बाईंना उमरावांच्या बरोबरीने वावरायचं असतं. या बाईंना लोक आगाऊ म्हणतात, दिखाऊ म्हणतात, आणि दोन्ही बरोबरच आहे. पण त्यांच्या स्वभावाची खरी किल्ली वेगळीच आहे. त्यांच्या मोठेपणाला साक्षीदार लागतो. शिवाय तो आपल्याशी अजिबात न जुळणारा, शेजारचा आणि पळून जाता येणार नाही असा लागतो. म्हणून बाईंचा स्वभाव घरात दिसतो त्याहून प्रवासात जास्त स्वच्छ दिसतो.

साक्षीदार म्हणून नेमणूक झाली आहे ती शेजारच्या एलिझाबेथची. एलिझाबेथ साधी, सभ्य, जरा भिडस्त. तिचा नवरा परदेशी नोकरीला. तो आपल्याला कधी दिसतच नाही. सकाळी बाईंचं कॉफीचं बोलावणं आलं की तिच्या पोटात गोळा येतो. समोर हाताने निळी फुलं रंगवलेले रॉयल डल्टनचे कप मांडलेले असतात. बाई "कप जपून हं" अशा नजरेने बघतात आणि त्या नजरेनेच एलिझाबेथचा हात थरथरायला लागतो. मग कॉफी सांडते, बिस्किटाचा चुरा होतो, कधी कपच फुटतो, आणि पुढच्या खेपेला पाहुणीच्या हाती साधा मग येतो. गंमत अशी, की जी कुलीन सहजता कमावण्यासाठी बाई दिवसरात्र खपतात, ती एलिझाबेथकडे जन्मतःच आहे. तिला ती मिरवावीशी वाटत नाही, एवढंच. हे बाईंना आतून ठाऊक असावं. नाहीतर गल्लीतल्या इतक्या बिऱ्हाडांतून नेमकी हीच बाई रोज का बोलवावी? ज्याच्याकडे ऐवज आहे त्याच्याकडूनच आपल्या ऐवजाची पावती घेण्यात खरी मजा असते.

घरात निदान कॉफी संपवून उठता येतं. गाडीत तीही सोय नाही. चाक रिचर्डच्या हातात, पण गाडी चालवतात बाईच. कुठेतरी लांब फुटपाथवरून कुणी निमूटपणे चाललेला असतो. बाई लगेच रिचर्डला त्या पादचाऱ्यापासून सावध करतात. मग सायकलवाला, मग समोरचा ट्रक. रिचर्ड शांतपणे सांगतो, की दिसला मला. आणि ज्याचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली आहेत अशा कुणालाही ती शांतता कशाची आहे ते कळतं. मागच्या सीटवर एलिझाबेथ असली तर तिला दुहेरी काम: बाईंच्या बोलण्याला माना डोलवायच्या आणि आरशातून रिचर्डकडे सहानुभूतीने बघायचं. भिंती, पडदे, बाईंचा तो लाडका पांढरा टेलिफोन, सगळं मागे राहतं. उरतो फक्त आवाज. त्या आवाजाच्या बळावर चार चाकांवर अख्खं घर उभं करायचं असेल, तर सोबत ऐकणारं कुणी नको का?

प्रवासाला न जाताही प्रवासाचा रुबाब मारता येतो, हेही बाईंनी सिद्ध केलं आहे. एका भागात महागड्या सहलींची माहितीपत्रकं गोळा होतात ती वाचायला नव्हे, लोकांच्या नजरेस पडायला. दुसऱ्या एका भागात नदीवर बोटीतल्या मेजवानीचा घाट घातला जातो. आमंत्रण अर्थातच एलिझाबेथला आणि तिच्या भावाला, म्हणजे एमेटला. शेवट व्हायचा तसाच होतो: यजमान ओलेचिंब. पण या सगळ्यावर कळस म्हणजे १९९३ च्या ख्रिसमसचा खास भाग. बाई आणि रिचर्ड 'क्यूई टू' या आलिशान जहाजावर निघतात आणि तयारीच्या नादात जहाज चुकतं. ते थेट कोपनहेगनला जाऊन गाठावं लागतं. एवढे सायास करून जहाजावर पाऊल ठेवावं, तर तिथे बहीण डेझी आणि मेहुणा ऑन्स्लो आधीच हजर! ऑन्स्लो म्हणजे बनियनवर हिंडणारा, बिअर आणि टीव्ही यांच्यापलीकडे महत्त्वाकांक्षा नसलेला गृहस्थ. त्यांना ही सफर स्पर्धेत बक्षीस मिळालेली. माझ्या मुद्द्याचा याहून भक्कम पुरावा सापडणार नाही. जहाज तिकीट तपासतं, कुळ तपासत नाही. गल्लीत नातेवाईक दूर ठेवता येतात, पण एकाच डेकवर आल्यावर सगळेच शेजारी. बाईंनी स्वतः निवडलेला साक्षीदार गुणी असतो. प्रवासात न मागता मिळालेला साक्षीदार खरं बोलतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ही चेष्टा निर्दय आहे. गरिबीतून वर आलेल्या बाईने चांगलं राहायचं ठरवलं तर खानदानी लोकांनी हसावं, हा कुठला न्याय? आक्षेप वजनदार आहे. क्लार्क यांनीच २०१६ साली लिहिलेल्या 'यंग हायसिंथ' या भागात तरुण हायसिंथ बड्या घरात मोलकरीण म्हणून राबते. म्हणजे बाईंचा सोस कुठून आला ते लेखकाला पुरतं ठाऊक आहे. पण मालिकेत हसू होतं कुणाचं ते नीट बघावं. डेझी आणि ऑन्स्लो बाईंहून गरीब आहेत, तरी त्यांच्या गरिबीला कुणी हिणवत नाही. उलट सगळ्या गोतावळ्यात सर्वांत निवांत माणूस ऑन्स्लोच. हसू होतं ते लपवाछपवीचं. आणि बाईंच्या चिकाटीला मालिका मनापासून सलाम करते. कुत्र्याच्या भुंकण्याने दचकून कुंपणात पडलेल्या बाई टोपी सावरत, जणू काही झालंच नाही अशा थाटात उठतात, तेव्हा आपलंही मन त्यांच्याच बाजूने असतं. बाईंची भूमिका करणाऱ्या पॅट्रिशिया रूटलेज यांचं यातलं श्रेय मोठं. त्या मुळात तयारीच्या गायिका. ब्रॉडवेवरच्या संगीतिकेसाठी त्यांना १९६८ साली टोनी पुरस्कार मिळालेला. एमेट दार किलकिलं करून, रस्ता मोकळा बघून गाडीकडे धूम ठोकतो आणि बाई त्याला गाठून त्याच्या अंगावर गाण्याची तान सोडतात, तेव्हा ते बेसूर गाणं उत्तम सूर लागणाऱ्या गळ्यातून मुद्दाम काढलेलं असतं.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: इतका जाच खऱ्या आयुष्यात कोण सहन करील? एलिझाबेथने एकदा ठणकावून 'नाही' म्हटलं की मालिका तिथेच संपली. खरं आहे, म्हणूनच ती म्हणत नाही. भिडस्त माणसाला नकार देणं हे कप फुटण्याहून जास्त अवघड वाटतं, आणि हायसिंथबाई नेमक्या त्याच भिडेवर गुजराण करतात. पण देणंघेणं एकतर्फी नाही. नवरा दूर असलेल्या एलिझाबेथचा दिवस बाईंच्या बोलावण्यानेच भरतो. रिचर्ड एकटा असता तर तो बागेपलीकडे गेला असता का, याचीही शंकाच आहे. पुढाकार घेणारं, वेळापत्रक आखणारं, चार न जुळणाऱ्या माणसांना एका गाडीत कोंबणारं कुणीतरी लागतंच, आणि ते काम शहाणी माणसं अंगावर घेत नाहीत. तेव्हा निकाल असा, की सहलीला एक हायसिंथबाई असाव्यात. त्यांच्याशिवाय सहल घरातून निघतच नाही. मात्र यादीत दोन दिसल्या, तर भरलेले पैसे त्याच दिवशी परत मागावेत.