फुकटाचा ज्यूस

अहो, ऐकलंत का? ठेवा तो पाइप खाली, कढीलिंब काही पळून जात नाही. आपले पलीकडचे नाना... हो हो, तेच, दिवाळीत पोरांनी पत्ते काढले की गच्चीवर निघून जाणारे. लास व्हेगासला राहून आले!

सगळ्यांना सांगितलं ग्रँड कॅन्यन. पाहिलं हो कॅन्यन, नाही कोण म्हणतंय. पण लॉस एंजेलिसहून लेकानं गाडी काढली आणि वाटेत दोन रात्री मुक्काम कुठे, तर तिथे. मला माईंनी स्वतः सांगितलं, मेथी निवडता निवडता. "खोल्या इतक्या स्वस्त कशा रे?" म्हणून नाना आधी खूश होते म्हणे. काउंटरवर कळलं कशा ते. रिसॉर्ट फी वेगळी, पार्किंग वेगळं. लेकाचा चेहरा असा उतरला... आणि सून फक्त एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं." झालं! लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही.

तर काय सांगत होते... हां, नानांचा पण. जुगाराकडे ढुंकून बघायचं नाही, जे फुकट असेल तेवढंच बघायचं. कुणा मित्रानं यादी दिली होती, वहीच्या कागदावर, नंबर घालून. एक नंबरला मिराज हॉटेलसमोरचा ज्वालामुखी. रणरणत्या उन्हात गेले हो चालत, तर मिराज 2024च्या जुलैतच बंद पडलंय! तिथे आता गिटारच्या आकाराचं हॉटेल बांधताहेत. नाना एकदा यादीकडे बघताहेत, एकदा क्रेनकडे. नातू विचारतोय, "आजोबा, लाव्हा कुठाय?"

बेलाजिओ हॉटेलच्या कारंज्यांनी मात्र लाज राखली. रात्री दर पंधरा मिनिटांनी, गाण्याच्या तालावर. बाराशेच्या वर तोट्या, आणि पाणी उडतं ते 460 फुटांपर्यंत! माईंनी कठड्याला टेकून दशम्या सोडल्या, लसणाच्या चटणीचा वास सुटला, शेजारची गोरी बाई सरकून उभी राहिली. माई म्हणतात, आपलं वृंदावन गार्डन यापुढे अंगणातला नळ वाटेल. हॉटेलच्या आत छताला दोन हजार काचेची फुलं टांगलेली, आणि पुढे खऱ्या फुलांची अख्खी बाग, तीसुद्धा वर्षातून पाचदा मोडून नवी मांडतात. माईंचा प्रश्न काय? "अगं, एवढं निर्माल्य टाकतात कुठे?" सुनेला काही सांगता येईना.

फ्लेमिंगो नावाच्या हॉटेलात खरेखुरे फ्लेमिंगो पाळलेत, तेही फुकट. नाना म्हणाले, "यापेक्षा भिगवण काय वाईट होतं?" मग नातवानं फोनवर वाचून दाखवलं की हे हॉटेल 1946 साली उघडलं ते बग्सी सीगल नावाच्या गुंडानं, आणि पुढच्याच वर्षी त्याला गोळ्या घालून मारलं. नानांनी लगेच सगळ्यांना बाहेर काढलं.

पण गंमत कळली का तुम्हाला? कारंजं रस्त्यावरून दिसतं, ते सोडा. बाकी बाग बघा, काचेची फुलं बघा, नाहीतर सर्कस सर्कस हॉटेलातल्या झोक्यावरच्या कसरती बघा, वाट जाते जुगाराच्या मशीनींच्या मधूनच! चकचक, टिंगटिंग. एकवीस वर्षांखालच्यांनी तिथून नुसतं चालत जायचं, थांबायचं नाही. नातू एका मशीनपाशी बुटाची नाडी बांधायला वाकला, तर गार्ड हजर! लेक सॉरी सॉरी म्हणतोय, आणि नाना तिथेच उभे. मशीनकडे बघत. हे सुनेनं पाहिलं बरं का, माईंनी नाही.

आता जवळ या जरा. दुसऱ्या रात्री अकराला नाना म्हणाले, पाय मोकळे करून येतो. आले किती वाजता? अडीच! माई जाग्याच. "इतका वेळ?" तर म्हणे, "तिथे कुठे घड्याळच नाही." ते खरंय म्हणा, ठेवतच नाहीत ती माणसं, खिडकीसुद्धा नसते. माईंनी पाकीट बघितलं. मॅग्नेट घ्यायला चाळीस डॉलर दिले होते, ते गायब.

"काय घेतलंत?"

"संत्र्याचा ज्यूस."

"चाळीस डॉलरचा?"

"नाही गं. ज्यूस फुकट होता."

अहो, हसता काय! खेळत बसलं की देतात म्हणे फुकट, ट्रे घेऊन बाईच येते जागेवर. आणि हेच नाना, पणजीला मांडवीतल्या त्या कॅसिनोच्या बोटी दिसल्या तेव्हा अख्ख्या बसला पडदे ओढायला लावणारे! तुम्हीही होतात की त्या ट्रिपला.

माईंना वाटलं, मिटलं. तर परवा कपाट पुसताना नानांच्या दासबोधातून खूण म्हणून घातलेली चिठ्ठी खाली पडली. नातवाला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तो म्हणाला, आजी, मशीनमधून उरलेल्या पैशांची अशी पावती निघते. किती उरले होते? सतरा सेंट.

माई बोलल्या नाहीत हो एक शब्द. चिठ्ठी होती त्याच पानात ठेवून दिली. फक्त रोज सकाळी चहाच्या वेळी विचारतात, "ज्यूस काढू का?"