दोन तासांत चार प्रेमं

दुसऱ्या भेटीत ती लाजते. तिसऱ्या भेटीत पाऊस येतो आणि दोघांत छत्री एकच. चौथ्या भेटीत ती म्हणते, तुझ्याइतकं मला कुणीच ओळखलेलं नाही. तोवर नायकाने तिला तिच्याबद्दल धड एक प्रश्नही विचारलेला नसतो. पडद्यावर पाकळ्या उडतात, संगीत वर चढतं, श्रेयनामावली सुरू होते. सगळं मिळून दीड तास.

मला या दीड तासाचा राग येतो. प्रेमाची गोष्ट दीड तासात किती चांगली सांगता येते, हे याच माध्यमाने मला दाखवलं आहे, म्हणून राग येतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हिज्युअल नॉव्हेल ही पडद्यावर वाचायची गोष्ट, जपानमध्ये वाढलेली. मागे एक स्थिर चित्र, पुढे बोलणाऱ्या पात्राची आकृती, खाली संवादाची चौकट. क्लिक केलं की पुढचं वाक्य येतं. अधूनमधून दोन-तीन पर्याय समोर येतात आणि गोष्ट कुणाच्या दिशेने वळणार ते त्यावर ठरतं. अशा प्रत्येक वाटेला रूट म्हणतात. अशा गोष्टी पन्नास तासांहून मोठ्याही असतात. या खेळांची नोंद ठेवणाऱ्या व्हीएनडीबी या कोशात दोन तासांच्या आतलं ते अतिलहान आणि दोन ते दहा तासांचं ते लहान. मी बोलतो आहे ते या दोन गटांतल्या प्रेमकथांबद्दल.

यांचा मोठा दोष जुना आहे, वारशाने आलेला आहे. 1994 मध्ये कोनामीने ‘तोकिमेकी मेमोरियल’ काढला. हायस्कूलची तीन वर्षं त्यात आठवड्या-आठवड्याने जगायची: अभ्यास, व्यायाम, क्लब, फोन, रविवारची भेट. एखाद्या मुलीकडे फार दिवस दुर्लक्ष झालं तर तिच्या नावाशी बॉम्ब दिसायचा आणि तो फुटला की बाकीच्या मुलींमध्येही तुमची पत जायची. त्याच वर्षी कोएईने मुलींसाठी ‘अँजेलिक’ आणला. तिथे नायिकेपुढे राणीपद आणि प्रेम दोन्ही होतं, पण प्रेम स्वीकारलं की राणीपदावर पाणी सोडायचं. दोन्हीकडे प्रेम मोजलं जात होतं हे खरं, पण त्यासाठी काहीतरी खर्ची पडत होतं. एकीला दिलेला रविवार दुसरीला देता येत नव्हता.

छोट्या प्रेमकथांनी या घराण्यातून प्रेमाला गुण देण्याची पद्धत उचलली आणि कॅलेंडर टाकून दिलं. मग तिला चहा विचारला की कॉफी, एवढ्यावर जन्माची साथ ठरायला लागली.

हिशेब करून पाहू. समजा गोष्ट वीस हजार शब्दांची आहे. त्यातला सुरुवातीचा, सगळ्या रूटना समान असलेला भाग आठ हजारांचा. उरले बारा हजार आणि मुली चार. प्रत्येकीच्या वाट्याला तीन हजार शब्द. तेवढ्यात ओळख, मैत्री, एक गैरसमज, एक रडणं, कबुली आणि शेवट बसवायचा. दिवाळी अंकातला चांगला कथाकार तीन हजार शब्दांत याच्या निम्म्या घटना घेतो, आणि एक माणूस उभा करतो. इथे माणूस उभा करायला जागाच उरत नाही, म्हणून तयार साचे येतात. बालमैत्रीण, फटकळ, अबोल, वर्गातली हुशार. आणि या चौघींशी कसाही जुळावा म्हणून नायक कोरा ठेवतात. त्याचे डोळे केसांआड, त्याला आवड नाही, मत नाही, वाईट सवयसुद्धा नाही. तिला त्याच्यात काय दिसलं, याचं उत्तर मग लिहिणाऱ्याकडेही नसतं.

रूट चार आहेत हे जाहिरातीत ठळक लिहितात. मी ते वाचलं की सावध होतो.

दुसरा दोष हाताशी असलेल्या सोयीतून येतो. यातल्या पुष्कळशा गोष्टी रेनपाय या मोफत साधनावर बनतात. त्यात माउसचं चाक मागे फिरवलं की गोष्ट मागे जाते, थेट निवडीच्या आधी. वाचलेलं वाक्य निसटलं तर ही सोय फार उपयोगाची, ती काढावी असं मी म्हणणार नाही. पण छोट्या गोष्टीत पुढचा-मागचा सगळा पल्लाच दहा मिनिटांचा असतो. तिला नाही म्हटलं, तिचा चेहरा पडला, आपल्याला वाईट वाटलं, चाक फिरवलं, हो म्हटलं. तो पडलेला चेहरा कुठेच नोंदला जात नाही. संध्याकाळपर्यंत चारही शेवट गोळा होतात, चित्रांची गॅलरी पूर्ण भरते, आणि कुणाला काही गमवावं लागलेलं नसतं.

2017 मध्ये डॅन साल्वाटोच्या गटाने ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ फुकट दिला आणि नेमक्या याच जागी बोट ठेवलं. लोकांना तो भयकथा म्हणून आठवतो. मला तो या प्रकारावरची सर्वांत कडक टीका म्हणून महत्त्वाचा वाटतो. त्यात नायक कविता लिहितो, म्हणजे यादीतून वीस शब्द निवडतो आणि ज्या मुलीच्या आवडीचे शब्द जास्त, ती खूश होते. प्रेमाचा हिशेब इतका उघडा क्वचितच मांडला गेला असेल. आणि क्लबची अध्यक्ष मोनिका, तिला रूटच दिलेला नाही. आपण निवडीच्या यादीत नाही हे तिला कळतं आणि ती सगळा खेळ मोडायला निघते. मागे जाण्याची, जपून ठेवलेल्या जागी परतण्याची सोयही तिच्या हातातून सुटत नाही. चार-पाच तासांचा खेळ. भीती ओसरल्यावर जी टोचणी राहते ती खरी: बाकीच्यांना आपण निवडलं ते कशाच्या जोरावर?

मग चांगलं काय, ते सांगतो. चांगल्या छोट्या गोष्टी निवड कमी करतात आणि वाचणाऱ्याच्या हाताला काम देतात.

2005 सालचा तोमो काताओकाचा ‘नार्सिसू’ घ्या. त्यात निवड मुळी नाहीच. मरणाच्या दारातले दोन तरुण इस्पितळ सोडतात, मोटार घेतात आणि अवाजी बेटावरची नर्गिसाची फुलं बघायला निघतात. चित्रं पडद्याच्या अरुंद पट्टीत, बाकी पडदा काळा. याला प्रेमकथा म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. दोघं एकमेकांना फार काही सांगत नाहीत. पण एकच रस्ता असल्यामुळे त्यांच्या रिकाम्या बोलण्यालाही वजन येतं. आजच्या जेवणाचं, पेट्रोलच्या पैशाचं, नकाशातल्या गावांच्या नावांचं. चार रूटच्या गोष्टीला असं रिकामं बोलणं परवडत नाही, आणि प्रेम बहुतेक वेळा तिथेच वाढतं.

क्रिस्टीन लव्हची 2010 सालची ‘डिजिटल: अ लव्ह स्टोरी’ 1988 च्या संगणकात घडते. पडदा म्हणजे तोच जुना संगणक. मोडेमवरून हाताने नंबर फिरवायचा, तो लागायची वाट बघायची, कुणाकुणाचे निरोप वाचायचे, उत्तर पाठवायचं. आपण पाठवलेलं उत्तर मात्र आपल्याला कधीच दिसत नाही. समोरच्या एमिलियाच्या उत्तरावरून आपण काय लिहिलं असेल ते ताडायचं. नायक कोरा असण्याचा दोष लव्हने इथे उलटवून वापरला. ती कोरी जागा वाचणारा स्वतःच्या आठवणीतल्या पत्रांनी भरतो. तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. एमिलिया प्रेमाची कबुली फार लवकर देते. मोजक्या निरोपांत. पुढे जे घडतं त्याने मी हललो, पण त्या कबुलीवर माझा आजही पूर्ण विश्वास बसत नाही.

आणि ‘फ्लॉरेन्स’. काटेकोर बोलायचं तर ती व्हिज्युअल नॉव्हेलच्या व्याख्येत बसणार नाही, शब्द त्यात फार थोडे आहेत. पण छोट्या प्रेमकथेबद्दल बोलताना तिला वगळणं मला जमणार नाही. मेलबर्नच्या माउंटन्स या स्टुडिओत केन वाँग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती केली, 14 फेब्रुवारी 2018 ला फोनवर आणली. जेमतेम अर्धा-पाऊण तास. पंचवीस वर्षांची फ्लॉरेन्स, आकडे जुळवण्याची नोकरी, आईचे फोन. बागेत चेलो वाजवणारा क्रिश हेमराजानी तिला भेटतो. हो, भारतीय वंशाचा. तो भारतीय आहे म्हणून गोष्टीत कुठे हत्ती-मोर येत नाहीत, तो साधा एक वादक आहे, आणि हे मला फार आवडलं.

पहिल्या भेटीत त्यांचं बोलणं कोड्याच्या तुकड्यांत येतं. फ्लॉरेन्सच्या संवादाचा फुगा तुम्ही तुकडे जुळवून बनवायचा. सुरुवातीला तुकडे बरेच, जुळवायला वेळ लागतो, जसं अनोळखी माणसापुढे वाक्य जुळवायला लागतो. भेटी वाढतात तसे तुकडे कमी होतात, मोठे होतात, शेवटी एकच उरतो. बोलणं सहज झालं हे कुणी सांगत नाही, बोटांना कळतं. पुढे भांडण होतं तेव्हा तुकड्यांना टोकं येतात आणि ते पटापट जोडले जातात. विचार न करता बोललं जातं, ते असं. तो तिच्या घरी राहायला येतो तेव्हा शेल्फवर त्याच्या वस्तूंना जागा करायची असते. तिची कुठली वस्तू खोक्यात जाईल? त्यावर कथा बदलत नाही. तरी माझं बोट त्या शेल्फवर थबकलं होतं. चार रूटच्या गोष्टीतल्या कुठल्याही निवडीपुढे मी इतका वेळ थांबलेलो नाही.

प्रेम पटकन जमतं, या दोषावर ब्रिआना लेईच्या 2017 च्या ‘बटरफ्लाय सूप’ने आणखी वेगळा उपाय काढला. कॅलिफोर्नियातली शाळा, साल 2008, बेसबॉलचा नवा संघ. भारतीय घरातली लाजाळू दिया आणि कोरियन घरातली तडतडी मिन या दोघींची ही गोष्ट. त्यांचं लहानपण आपल्याला आधी दाखवलं जातं, त्यामुळे काही वर्षांनी त्या पुन्हा भेटतात तेव्हा त्या ओळखीला खरं वय असतं. बालमैत्रीण हा साचा मी वर नावं ठेवून मोडीत काढला, पण लेईने तो लहानपणासकट लिहिला म्हणून तो जिवंत झाला. इथेही चौघी आहेत: दिया, नोएल, आकर्षा, मिन. आपण एकेका भागात एकेकीच्या डोळ्यांनी बघतो. त्या पटवायच्या चार मुली नाहीत, एकाच गोष्टीकडे बघणाऱ्या चार मुली आहेत. शब्दांचा हिशेब तोच, वाटणी वेगळी. आकर्षाच्या वात्रटपणाला आणि नोएलच्या घरातल्या धाकालाही पुरेशी जागा मिळते.

हे सगळं करायला पैसा लागतो असं कुणी म्हणेल. पण रेनपाय टॉम रोथमेलने 2004 मध्ये दिलं, ते मोफत आहे. 2005 पासून दर मार्चमध्ये नॅनोरेनो भरतं, एका महिन्यात एक व्हिज्युअल नॉव्हेल करायचं आव्हान.  एकच माणूस लिहितो, काढतो, संगीत शोधतो. आकृत्यांचे हावभाव चारच असतील, हात काढता येत नाही म्हणून पाठीमागे लपवले असतील, चित्रं कच्ची असतील, मी सगळं चालवून घेईन. दोनच खोल्या काढता येत असतील तर गोष्ट दोन खोल्यांत घडावी. तिथे शाळेची गच्ची, चेरीचा बहर, उत्सवातली आतषबाजी हा उसना संच कशाला? रेनपायच्या अलीकडच्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरंही नीट जुळतात, त्यामुळे मराठीत लिहायला साधनाची आडकाठी उरलेली नाही. मराठीत कुणी लिहिलं तर निदान ती गच्ची नको.

आणि नकाराचं काय? बहुतेक छोट्या प्रेमकथांत कुणीच मिळालं नाही तर पडदा काळा होतो, चार ओळी येतात, वाईट शेवट अशी पाटी लागते आणि पुन्हा सुरुवातीच्या पानावर. नाकारलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठतो, कामाला जातो, तिचा नंबर ठेवायचा की नाही ते ठरवतो, यातलं काही लिहिण्याजोगं वाटत नाही. ‘फ्लॉरेन्स’मध्ये दोघं वेगळे होतात आणि गोष्ट संपत नाही. सामान बांधायचं काम उरतं, क्रिशने दिलेल्या रंगांचं काय करायचं हे उरतं, आणि त्यासाठी गोष्टीने पुरेशी प्रकरणं राखून ठेवली आहेत. येत्या मार्चमध्ये जो कुणी रेनपाय उघडून बसेल त्याने चौथी मुलगी काढून टाकावी आणि तिचे तीन हजार शब्द या नकाराला द्यावेत.