पडद्यामागचा उपास

तुळजापूरच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला उपासाचं फारसं कौतुक नसतं. नवरात्रात आमच्या धाराशिव जिल्ह्यात घरोघरी घट बसतात, बाया नऊ-नऊ दिवस उपास धरतात, आणि पौर्णिमेला माणसांचे लोंढे पायी देवीला येतात. अशा मुलखात चार वर्षांच्या एका लेकराने एका सकाळी काही खायचं नाही, एवढीशी गोष्ट आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना पेलवली नाही.

लेकराच्या कानात नळी बसवायची होती. हे निघालं अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. २०१३ पासून ही योजना आहे. डॉक्टरीणबाईंनी कानात बत्ती धरून पाहिलं आणि मोठ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. तोवर पोरगं टीव्हीला नाक लावून का बसतं, याचा निकाल प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला होता. आजोबांनी मोबाइलला दोष दिला, बायकोने अंगणवाडीतल्या संगतीला, आणि मी, मनातल्या मनात, तिच्या माहेरच्या रक्ताला.

भानगड अशी असते. कानाच्या पडद्यामागे एक पोकळी असते आणि तिच्यात हवा खेळती राहावी म्हणून तिथून नाकामागे, घशाच्या वरच्या अंगाला एक वाट जाते. मोठ्या माणसात ही वाट लांब आणि उतरती; लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीने ती तुंबली की पोकळीत चिकट पाणी साचतं. बहुधा दुखत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. पुष्कळ मुलांचं ते आपोआप निचरून जातं, त्यासाठी डॉक्टर तीन महिने थांबतात. दुष्काळी जिल्ह्यातलं पाणी असून आमचं मात्र आटायला तयार नव्हतं.

मग नळी. शिवणाच्या मशीनमधल्या बॉबिनच्या आकाराची, पण इतकी बारीक की तिचं भोक मिलिमीटरभराचं. पडद्याला छोटी चीर द्यायची, मागचं पाणी ओढून घ्यायचं आणि चिरेत ही बसवायची, म्हणजे हवा बाहेरूनच आत जाते. १९५४ साली आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकी डॉक्टरने प्लास्टिकची अशी नळी वापरायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून जगभरातल्या पोरांच्या कानात ती जाऊन बसली आहे. बहुतेकदा सहा महिने ते वर्षभरात ती आपली आपण गळून पडते, पडदा भरून येतो.

हे सगळं मी आमच्या आईला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कानाला भोक पाडायचं तर सोनार हाय की चौकात. सोलापूरला कशाला जायचं?" त्याआधी लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडायचा तिचा बेत डॉक्टरांनी उधळला होता. तो राग अजून गेला नव्हता.

(आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर पोचवणारी उस्मानाबादी शेळी लांब, लोंबत्या कानांची. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं अजून जुनंच चाललंय. तिला हाक मारली की ती लगेच मान वळवते, असं आजोबा पोराकडे बघून मुद्दाम मोठ्याने म्हणत. पोराला ऐकूच जात नसल्याने टोमणा वाया जाई.)

दवाखान्याचा हुकूम साधा होता. अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, नितळ पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. भूल दिल्यावर गिळण्याची राखणसुद्धा झोपी जाते आणि पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून हा नेम. आईला कारण पटलं, नेम पटला नाही. "लेकराला उपाशी ठिवून कुठं औषध होतं व्हय?" असं म्हणत पहाटे उठून तिने धपाटे थापले. लेकरासाठी नाही, "आपल्याला." सोबत शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही.

मामाच्या गाडीत डबा आजीच्या मांडीवर, आणि लेकरू डब्याला टेकून. धाराशिव ते तुळजापूर ज्वारीच्या धपाट्याचा वास असा सुटला की काचा खाली कराव्या लागल्या. खाली केल्या तर तुळजापुरात भज्यांचा घाणा. आजोबांनी कळसाकडे बघून हात जोडले. ते देवीकडे बघत होते की गाड्याकडे, हे ठरवणं अवघड होतं. तामलवाडीच्या टोलनाक्यावर लेकराने विचारलं, "बाबा, आपण धपाटं कधी खायचं?" गाडीतल्या पाच मोठ्या माणसांनी त्याच क्षणी जाहीर केलं, तू खाल्ल्याशिवाय आम्हीही खाणार नाही. कोणी मागितलं नव्हतं.

हा सामुदायिक उपास दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात फुटला. मामा गाडी लावायला गेला तो ओठाला चहा लावून आला. आजोबांना गोळी घ्यायची होती आणि गोळी रिकाम्या पोटी चालत नाही. आई जिन्याखाली पाणी प्यायला गेली आणि डबा सोबत घेऊन गेली. मी आणि बायको एकमेकांवर नजर ठेवून बसलो. लेकरू दारातल्या माशांच्या काचपेटीपाशी उभं राहून माशांना कोण खायला घालतं, याची चौकशी करत होतं.

मग संमतीचा कागद आला. तो शेवटपर्यंत वाचू नये असं माझं मत आहे. वाचला तर सही वेडीवाकडी येते. भूलतज्ज्ञ बाईंनी लेकराला विचारलं, फुगा फुगवशील का? तो बिनदिक्कत त्यांचं बोट धरून गेला. त्याच्या चपला माझ्या हातात राहिल्या. पंधरा-वीस मिनिटांचं काम. एवढ्या वेळात बायकोने तुळजाभवानीला काय काय कबूल केलं, ते मला अजून सांगितलेलं नाही; खर्चाचा अंदाज नाही.

शुद्धीवर येताना तो अर्धा तास भोकाड पसरून रडला. भुलीनंतर लहान मुलं अशी रडतात, असं नर्सने सांगितलं. आम्ही ऐकलं, विश्वास ठेवला नाही. मग एकदम थांबून त्याने आजीकडे पाहिलं. कित्येक महिने आजी त्याच्याशी शेताच्या बांधावरून बोलावं तसं बोलायची. आताही तिने सवयीने हाक मारली, "लेकराऽऽ, काय खातूस?" त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. "आज्जी, हळू बोल की."

डबा उघडला. त्यात एकच धपाटं शिल्लक होतं, तेही अर्धं. ते त्याने खाल्लं. बायको आणि मी तामलवाडीपर्यंत तसेच आलो.

नळी गळेपर्यंत कानात घाण पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि तेल तर नाहीच. कोणावर असा दिवस आला तर माझं एवढंच सांगणं आहे, आई-बापाने सकाळी लेकराच्या नजरेआड पोटभर खाऊन घ्यावं. उपास फक्त पेशंटला सांगितलेला असतो.