गाडी दारात पाहिजे

मोठी गाडी घेतलेल्या माणसाला इतर शहरांत विचारतात, चालवायला कशी आहे? कोल्हापुरात विचारतात, "दारात बसती का वो?" प्रश्न रास्त आहे. मोठी गाडी म्हणजे आमच्याकडं फॉर्च्युनर, तिची लांबी ४,७९५ मिलिमीटर आणि रुंदी १,८५५. म्हणजे पावणेसोळा फूट बाय सहा फूट, तेही आरसे सोडून. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत एवढ्या जागेत एखादं कुटुंब राहतं, वर पाहुणाही मुक्कामाला ठेवून घेतं. इंजिनात २०४ अश्वशक्ती आहे. बोळात त्यातल्या चार-पाच घोड्यांना काम मिळतं, बाकीचे दोनशे मालकाच्या जिवावर नुसते उभे असतात.

जिल्ह्याच्या राजकारणात माणूस कुठवर पोचला हे भाषणावरून कळत नाही, गाडीवरून कळतं. आधी जीप होती. मग १९९४ साली सुमो आली, २००२ साली स्कॉर्पिओ आणि २००९ साली फॉर्च्युनर. दूध संघ, साखर कारखाना, जिल्हा बँक यांपैकी कुठंतरी संचालक झाल्यावर गाडी घ्यायची, हा जुना क्रम. आता आधी गाडी घेतात आणि तिला शोभेल असं पद शोधत फिरतात.

अशा मालकांचा प्रतिनिधी म्हणून आपण अण्णा घेऊ. अण्णा कुणी एक गृहस्थ नव्हेत. प्रत्येक पेठेत दोन-तीन निघतील, ताराबाई पार्कात जास्तच. अण्णा सकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जातात ते मोपेडवरून. महाद्वार रोडला, कपिलतीर्थ मंडईत, पापाच्या तिकटीला, सगळीकडं मोपेडच. गाडी दारात. खुर्ची टाकून अण्णा तिच्याशेजारी बसतात आणि जाणारा-येणारा थांबून विचारतो, "ॲव्हरेज काय देती?" हा प्रश्न अण्णांना मनापासून लागतो. पन्नास लाखांच्या आसपासच्या वस्तूला लिटरचा हिशेब विचारायचा असतो का? तरी उत्तर तयार असतं: "आपण कवा बघितलंच न्हाई."

बघणार कसं? गाडी हलतच नाही. आणि इथं खरी गंमत आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगानं पळाली की नळी तापते आणि साठलेली काजळी जळून जाते. घर ते कट्टा, कट्टा ते मंगल कार्यालय एवढंच चाललं तर काजळी साठत जाते आणि समोर पिवळा दिवा लागतो. म्हणजे नुसत्या मिरवण्यानं आजारी पडणारं यंत्र जपानी माणसानं बनवलं आणि आम्ही नेमकं तेच निवडलं. दिवा लागला की अण्णा, ड्रायव्हर आणि गल्लीतली रिकामी तीन पोरं असा लवाजमा हायवेला निघतो. कागलच्या पुढं निपाणीपर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. काम काय? काजळी जाळणं. वहिनी विचारतात, "एवढ्या लांब जाऊन आणलं काय?" याला उत्तर नाही.

पैशाचं म्हणाल तर तो हिशेब आमच्याकडं रुपयात करतच नाहीत, उसात करतात. २०२५-२६ च्या हंगामाला सव्वादहा टक्के साखर उताऱ्याच्या उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला दर, टनाला ३,५५० रुपये. गाडीचे ४५ लाख धरले तर १,२६७ टन ऊस झाला. एकरी ४० टन पिकला तर जवळपास ३२ एकरांचा एका हंगामाचा सगळा माल, तोसुद्धा तोडणी-वाहतूक न कापता, खत-पाणी फुकट आणि वर्षभर घरानं काही न खाता. अण्णांचा सातबारा मी पाहिलेला नाही, पण त्यावरची चुलत्यांची आणि आत्त्यांची नावं ऐकून माहीत आहेत. तेव्हा ऊस कमी पडला की रस्त्याकडेचे दोन गुंठे जातात. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्क्यांचा भार ४० वर आला, फॉर्च्युनर साडेतीन लाखांपर्यंत उतरली. त्या आठवड्यात अण्णांच्या धाकट्या भावानं साडेतीन लाख वाचवायचे म्हणून ४५ लाख खर्चले. घरात काटकसरी असा तोच एक.

काही घरं हा हिशेब व्याह्याच्या गळ्यात घालतात. पुणे जिल्ह्यात २०२५ च्या मे महिन्यात एका सुनेच्या मृत्यूनंतर लग्नातल्या देण्याघेण्याची यादी बाहेर आली, त्यात फॉर्च्युनर होती. महिनाभर सगळे हळहळले. नंतरच्या लग्नसराईत मांडवासमोर फुलांच्या माळा घातलेल्या तसल्याच गाड्या उभ्या होत्या आणि कोणत्या कुणी दिल्या हे विचारायची आपल्यात पद्धत नाही.

कायद्याशी अण्णांचं नातं जिव्हाळ्याचं आहे. काचांवर काळी फिल्म नको, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१२ मध्येच सांगितलं. लाल दिवा मे २०१७ पासून गेला, पुढचे लोखंडी बंपर त्याच वर्षाच्या शेवटी. दिवा अण्णांना कधी मिळालाच नव्हता, म्हणून त्याग सोपा गेला. काच अजून काळी आहे. ४१४१ चं 'दादा' करण्याची कला नव्या सरकारी पाट्यांनी मारली, त्याचं मात्र दुःख मोठं. एमएच ०९ पुढं नऊ नंबर हवा असेल तर लाखांत मोजावं लागतं, तेही अण्णा हसत मोजतात. हेच अण्णा २०१३ साली शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरोधात रस्त्यावर होते. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागं अख्खं कोल्हापूर "देणार न्हाई" म्हणत उभं राहिलं आणि ४९ किलोमीटर रस्त्यांचा टोल शेवटी गुंडाळला गेला. ते आंदोलन खरोखर काटाकिर्र होतं, त्यावर टिंगल नाही. फक्त एवढंच, की टोलची चिल्लर तत्त्वासाठी नाकारणारा माणूस नऊच्या आकड्यासाठी लाखाचा धनादेश फाडतो, तेव्हा ते तत्त्व कुठं उभं करून येतो, ते कळत नाही. पार्किंगची अडचण असणार.

या शहरातली सगळ्यात भारी गाडी कोणती, यावर कट्ट्यावर वाद होत नाही. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक. ती दसऱ्याला दसरा चौकात येते, सोनं लुटून झालं की परत जाते. वर्षातनं एकदा. मी अण्णांना सुचवून बघितलं की तुम्हीही तसंच करा. अण्णा म्हणाले, "त्यांचं बरं हाय. ते राजे हैत, हे सगळ्यास्नी म्हाईत हाय. आमचं आमालाच रोज सांगाया लागतंय."

पावसाळ्यात मात्र अण्णांना गाडीचा दिवस आला असं वाटतं. ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते, असं त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकवलेलं. म्हणजे सव्वादोन फूट. पंचगंगेनं ती पुस्तिका वाचलेली नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ फूट ३ इंचांवर. शिरोलीजवळ हायवे बंद. गाडी उंचावर नेऊन लावली आणि अण्णा खालच्या गल्लीतल्या बहिणीला आणायला उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, दुधाच्या रिकाम्या किटल्यांशेजारी उभे राहिले. एका हातानं फळीला धरलेलं, दुसऱ्या हातात किल्ली. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, ती किल्ली खिशात घाला आणि दोन्ही हातानं धरा. हितनं पुढं खड्डा हाय."