पिसवांचे कारभारी

धरमपेठेपासून महालापर्यंत नागपूरच्या प्रत्येक वस्तीत असे एक काकाजी असतातच, की ज्यांनी हयातभर सरकारी दप्तरात इतरांच्या अर्जांवर शेरे मारले आणि निवृत्तीनंतर अर्ज येणेच बंद झाल्यामुळे ज्यांना आता विनाअर्ज शेरे मारावे लागतात. त्यांच्या स्वतःच्या घरी मांजर नसते. त्यामुळे मार्जारविषयक मामल्यांत त्यांची मती सर्वथा निःपक्षपाती राहते.

शेजारची मनी कान खाजवताना गच्चीवरून दिसली, की सदरा चढवून काकाजी फाटकाशी हजर. “पिसवा झाल्या म्हणा की! अहो, डॉक्टर-फॉक्टर सोडा. संत्र्याची साल ठेचा अन् द्या चोळून खसाखसा!” या पहिल्या फर्मानात वैद्यकापेक्षा नागपुरी अभिमानाचाच अर्क अधिक असतो. संत्र्याच्या सालीतील तेलाने पिसू मरते हे खरे. परंतु अंगावर जे जे पडेल ते ते जिभेने चाटून पोटात दाखल करणे हा मांजराचा नित्यनेम असून तेच तेल तिलाही बाधते, ही बाब काकाजींच्या टिपणात नसते. हरकत घेतलीच, तर ते दुधातून लसूण सुचवतात, जो मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतो. आणि लसूणही नामंजूर झाल्यास फिनेलचे बोळे, जे तिच्या यकृताला पेलत नाहीत.

तथापि त्यांच्या प्रतिभेचा परमोत्कर्ष याच्याही पुढे आहे. “कुत्र्याचं औषध आहे ना घरी? त्यातलं अर्धं लावा. मांजर म्हणजे शेवटी अर्धा कुत्राच की!” प्राणिशास्त्रातील हा त्रैराशिकाचा प्रयोग मनीच्या जिवावर बेतू शकतो, कारण कुत्र्यांच्या कित्येक औषधांतील पर्मेथ्रिन हे द्रव्य कुत्रा सहज पचवतो, परंतु मांजराच्या यकृताला त्याचे पुरेसे विघटन साधत नाही, आणि मग कंप, झटके व प्रसंगी मृत्यूही ओढवतो.

एवढे असूनही काकाजी मनाचे दुष्ट नव्हेत. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनीला न्यावयाचे ठरले, की टोपली मांडीवर घेऊन रिक्षात प्रथम तेच बसतात. डॉक्टर सांगतात, की अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा अल्पांश असून अंडी, अळ्या व कोश यांचा मोठा फौजफाटा अंथरुणात आणि फरशीच्या फटींत दडलेला असतो. बाहेरच्या रखरखीत उन्हात अळ्या तगत नसल्या, तरी घरातल्या ओलसर कोपऱ्यांत त्यांना अभय मिळते. आणि पिसू गिळल्याने मांजराच्या पोटात पट्टकृमीही होतात. काकाजी हे सारे मान डोलावून ऐकतात आणि परतीच्या वाटेवर तेच ज्ञान, “मी तर केव्हाचा म्हणत होतो,” या प्रस्तावनेसह मालकालाच ऐकवतात.

वाचकांनी अशा काकाजींना चहा अवश्य पाजावा, दोन घटका त्यांचे ऐकूनही घ्यावे. परंतु अंमल डॉक्टरांच्याच हुकमाचा करावा. केवळ मांजरासाठी बनविलेले, तिचे वय व वजन पाहून दिलेले औषध मानेच्या मागे, जिथे जीभ पोहोचत नाही अशा जागी, केस बाजूला सारून कातडीवर सोडावे; घरातील सर्व पाळीव जनावरांचा उपचार एकाच वेळी करावा; अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत, फटी झाडून घ्याव्यात, आणि पिसवा दिसेनाशा झाल्या तरी डॉक्टरांनी नेमून दिलेली मुदत पुरी होईपर्यंत उपचार बंद करू नये.