गिरगावचं स्थळ

काय म्हणता वहिनी, गिरगावचं स्थळ? मग या इकडे, कंपाउंडपाशी. कुकर राहू दे, शिट्टी झाली की ऐकू येईलच.

माझं माहेर फणसवाडीचं. कौतुक जरा जास्तच होईल, तेव्हा तुमचं तुम्ही त्यातलं वजा करा.

गिरगाव म्हणजे नुसत्या वाड्या. आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. ऐकून वाटावं, पोर बागाईतदाराकडे चाललीय! झाड औषधाला नाही. आणि वाडीचा अभिमान केवढा! मुगभाटातला माणूस झावबावाडीतल्याला परगावचा समजतो. खोताच्या वाडीत नाही ना घर? तिथली जुनी घरं ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची. लाकडी सज्जे, बाहेरून जिना. बघायला न्या एकदा पोरीला, आता थोडीच उरलीत.

"नाही हो, चाळच आहे. पण टॉवर होणारे म्हणे."

होणारे ना? आमच्याकडे 'होणारे'वर दोन पिढ्यांची लग्नं झाली.

सगळे म्हणतात, गिरगावकर मायाळू, दारं सताड उघडी. अहो, दीड खोलीत सात माणसं, दार लावलं तर श्वास कुठे घ्यायचा? अभ्यास गॅलरीत, पापड गॅलरीत, भांडणंही तिथेच. सकाळी सामायिक संडासापुढे बादली ठेवून नंबर लावायचा, आणि मागची काकू तेवढ्यात आपल्या लग्नाची चौकशी करायची. माझं इथलं लग्न असंच जमलंय!

"मग लोक सोडून का जात नव्हते?"

भाडं! १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० सालच्या आकड्याला बांधून टाकली. मालकाला त्यात चुनासुद्धा परवडेना, म्हणून तो दुरुस्ती करेना. भाडेकरूला तेवढ्या पैशांत मुंबईत दुसरीकडे उंबरठाही मिळेना, म्हणून तो हलेना. खोली सोडायचीच तर नव्या भाडेकरूकडून पागडी घेऊन. त्यातला तिसरा हिस्सा मालकाला द्यायचा, असा रिवाज. जिन्याला टेकू आला की म्हाडाचं रिपेअर बोर्ड. कारकून, कंपॉझिटर, नाटकवाले, मास्तर टिकले ते त्या भाड्यावर. मला विचाराल तर गिरगावचं मराठीपण निम्मं त्या भाडेपावतीनेच राखलं. आमच्या बाबांना हे पटायचं नाही. ते लगेच केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती काढायचे. १८९३ पासूनचा आहे तो, आणि मूर्ती अजून लहानच, लालबागसारखी थोराड नाही. तेवढं मात्र खरंच छान आहे.

आणि नाटकाचं वेड! केळेवाडीत साहित्य संघाचं नाट्यगृह आहे ना. आमच्या मजल्यावरच्या एका काकांना नाटकातल्या सगळ्यांची भाषणं पाठ, फक्त पगाराचा दिवस आठवायचा नाही. सिनेमाही तिथलाच म्हणा. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली गिरगावातल्याच कॉरोनेशनमध्ये लागला होता.

"आता मेट्रो पण झालीय ना?"

झाली. ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत जाते, गिरगावला स्टेशन आहे. जमिनीखालून गेली खरी, पण स्टेशनासाठी वरच्या इमारती पडल्याच. माणसं तर आधीच पांगलीत. पाडव्याला फेटे बांधून शोभायात्रेला येतात ना, त्यातले निम्मे पहाटेची लोकल धरून डोंबिवली-बोरिवलीहून येतात. संध्याकाळी परत. राहायला नको कोणाला, मिरवायला हवं! मी तरी कुठे परत गेले?

टॉवर झालाच, तर तीनशे फुटांची खोली मिळेल, आत संडास, लिफ्ट. सुख आहे, का नाही म्हणू? पण पूर्वी वर्षाचं भाडं जेवढं, त्याहून जास्त महिन्याचा मेंटेनन्स येतो. बिल्डर पहिली काही वर्षं तो भरतो म्हणे. पुढचं कोण भरणार, ते बैठकीत विचारा.

आणि मुलाचा पगार, पत्रिका नंतर बघा. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे, ते आधी काढा. सासऱ्यांच्या असेल तर ठीक. गावाकडच्या मोठ्या काकांच्या नावावर निघाली, तर ते काका आधी मुंबईला येऊन सही करतात का ते बघा, आणि मगच साखरपुड्याची तारीख धरा.