सिबिल ७८०, तरी फाईल परत

‘अभिनंदन! तुमचा क्रेडिट स्कोअर ७८०. कर्ज मिळण्याची शक्यता उत्कृष्ट.’ मोबाईलवर असा मेसेज येतो. खाली अर्धगोल, त्यात हिरव्या पट्ट्यावर गेलेला काटा. पुण्या-नाशकात, ठाण्या-पनवेलीत माणसं तेवढ्या भरवशावर घराचं टोकन देऊन मोकळी होतात. मग फाईल परत येते, दिलेले पैसे अडकतात आणि पावतीवरच्या बारीक अक्षरातल्या अटी पहिल्यांदा वाचल्या जातात. असे मेसेज पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. ते एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाखाली छापतात.

स्कोअरला फक्त एवढंच कळतं की आधी घेतलेली कर्जं तुम्ही कशी फेडलीत. हप्ते वेळेवर गेले का, कार्डाची मर्यादा किती वापरली, कर्जं किती जुनी, अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले. तुमचा पगार त्यात नाही. एफडी नाही, बचत खात्यातली शिल्लक नाही, गावची जमीन नाही. सोमवारी नोकरी गेली तर मंगळवारी स्कोअर ७८०च असतो. हप्ता थकेपर्यंत त्याला पत्ताच लागत नाही. बँकेला मात्र नेमकं तेच आधी जाणून घ्यायचं असतं.

हातात ६० हजार पगार येणारा माणूस घ्या. गाडीचा हप्ता १२ हजार, पर्सनल लोनचा ६ हजार. एकही हप्ता चुकलेला नाही, म्हणून तर स्कोअर ७८०. आता तो गृहकर्ज मागतो. या पगारात सगळे हप्ते मिळून निम्म्याच्या आत राहावेत, असं त्याची बँक धरते. निम्मे म्हणजे ३० हजार. त्यातले १८ हजार आधीच बांधलेले, उरले १२ हजार. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे या माणसाला पावणेचौदा लाखांच्या आसपास कर्ज मिळेल. आधीची दोन कर्जं नसती, तर साडेचौतीस लाखांपर्यंत मजल गेली असती. ज्या हप्त्यांनी त्याचा स्कोअर वर नेला, त्याच हप्त्यांनी त्याची पात्रता खाल्ली. हे त्याला हिरव्या काट्याशेजारी कुणी लिहून दाखवलं?

पगार पुरेसा असला तरी घराची बाजू उरतेच. घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातली आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. साठ लाखांच्या फ्लॅटला फार तर ४८ लाख मिळणार. बाकीचे १२ लाख, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी, हे सगळं पदरचं. स्कोअर ९०० असला तरी हेच. मग बँकेची लीगल आणि टेक्निकल तपासणी. ओसी नाही, गुंठेवारीचा प्लॉट आहे, वरचा मजला मंजूर नकाशात नाही, सातबाऱ्यावर एखाद्या बहिणीचा हक्क सोडायचा राहिलाय. यातलं एकही सिबिलला दिसत नाही, आणि फाईल अडवायला यातलं एकही पुरतं.

स्वतः स्कोअर बनवणाऱ्यांचा एक आकडा वर्षानुवर्षं फिरतो आहे: मंजूर झालेल्या कर्जांपैकी ७९ टक्के कर्जं ७५०च्या वर स्कोअर असलेल्यांची होती. वाचणारा काय समजतो? माझा ७५०च्या वर आहे, म्हणजे शंभरात ७९ वेळा मला कर्ज मिळणार. वाक्यात हे कुठेही म्हटलेलं नाही. ते ज्यांना मिळालं त्यांच्याबद्दल बोलतं. ७५०च्या वर असूनही किती जण परत पाठवले गेले, याबद्दल ते गप्प आहे. एमपीएससीच्या राज्यसेवेतून निवड झालेला प्रत्येक जण पदवीधर असतो. म्हणून पदवीधर झालेल्या पोराला कुणी सांगतं का, की तुझी निवड होणार? तिथे आपल्याला फरक चटकन कळतो, कारण अभ्यासिकांत वर्षं घालवणारी पोरं आपण पाहिलेली आहेत. कर्जातून परत आलेली माणसं दिसत नाहीत. ती गप्प बसतात, लाजेने.

शिवाय ‘सिबिल’ असं आपण सरसकट म्हणतो, पण पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. चौघींचा स्कोअर ३०० ते ९००, हिशेबाची रीत वेगवेगळी. ॲपवर दिसतो तो एकीचा, बँक बघते तो कदाचित दुसरीचा. त्यावर बँकेची स्वतःची गुणपद्धत वेगळी. एखाद्या जुन्या कार्डाची थकबाकी तडजोडीत मिटवली असेल, तर स्कोअर हळूहळू सावरतो, पण अहवालात ‘सेटल्ड’ हा शेरा वर्षानुवर्षं राहतो. आकडा चांगला आणि शेरा वाईट असला, तर बँकेचा माणूस शेऱ्यावर बोट ठेवतो.

ही फसगत उलट दिशेनेही होते, आणि तिथे माणसं जास्त गरीब असतात. तिशीपर्यंत भिशी चालवून, पतसंस्थेचे हप्ते न चुकवता फेडणाऱ्या बाईचं ते फेडणं या अहवालात सहसा उमटत नाही. तिच्या नावापुढे इतिहासच नाही. ‘सिबिल नाही, कर्ज नाही’ असं तिला काउंटरवर तोंडी सांगून टाकतात. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने म्हटलेलं आहे. किमान स्कोअर किती हवा हेही रिझर्व्ह बँकेने कुठेही ठरवून दिलेलं नाही. ऑगस्ट २०२५मध्ये अर्थ मंत्रालयाने लोकसभेत हेच पुन्हा सांगितलं. त्याआधी मे महिन्यात राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी पीककर्जासाठी सिबिल मागणाऱ्या बँकांना कारवाईचा इशारा दिला. मुख्यमंत्र्यांना इशारा द्यावा लागतो, यातच शाखाशाखांतून काय चालतं ते आलं. पाऊस न आल्याने थकलेला हप्ता आणि उधळपट्टीने थकलेला हप्ता स्कोअरला सारखाच दिसतो. शेतकऱ्याकडे माणूस म्हणून पाहायचं काम शाखा व्यवस्थापकाचं आहे. ते त्याने आकड्यावर ढकलू नये.

आणि ते ‘प्री-ॲप्रूव्ह्ड’. नावात मंजुरी आहे, प्रत्यक्षात ते अर्ज करण्याचं आमंत्रण असतं. कागद तपासून नकार देण्याची मुभा देणाऱ्याने राखून ठेवलेली असते. नकार आला की माणूस घाबरून दुसऱ्या ॲपवर जातो, मग तिसऱ्या. स्वतःचा स्कोअर कितीही वेळा पाहिला तरी तो घटत नाही. पण प्रत्येक खऱ्या अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत अशा नोंदी साचल्या की स्कोअर खाली येऊ लागतो. मेसेजवर विश्वास ठेवल्याचा दंड त्यालाच बसतो. पाठवणाऱ्याला कमिशन.

हे थांबवणं अवघड नाही. स्कोअर दाखवणाऱ्या प्रत्येक ॲपने त्याच पडद्यावर, त्याच आकाराच्या अक्षरात लिहावं: यात तुमचं उत्पन्न धरलेलं नाही, मालमत्ता तपासलेली नाही, ही मंजुरी नाही. ‘शक्यता उत्कृष्ट’ हे शब्द तर काढूनच टाकावेत. रिझर्व्ह बँकेने हे सक्तीचं करावं. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम तिने २०२४पासून लागू केलाच आहे. घर घेणाऱ्यांनीही टोकन देण्याआधी बँकेकडून सँक्शन लेटर घ्यावं, आणि कर्ज नामंजूर झालं तर पैसे परत, हे पावतीवर लिहून घ्यावं. बिल्डर कुरकुर करेल. करू दे.

आणि नकार मिळाला तर ‘सिबिलचा इश्यू आहे’ एवढं ऐकून खुर्चीवरून उठू नका. अर्ज फेटाळल्याची मुख्य कारणं लेखी कळवावीत, असं रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता बँकांना सांगते. मेल करा, अर्जाचा क्रमांक टाका, कारण मागा.